स्पॅनिशमध्ये तिकीट काढताना: खिडकीवर काय बोलावं, काय ऐकावं

स्पॅनिश तिकीट खिडकीवर आपला माणूस अडतो तो बहुतेक वेळा उत्तर ऐकताना. पाठ केलेलं वाक्य नीट म्हटलं की समोरच्याला वाटतं, याला भाषा येते. मग तो भराभर बोलू लागतो आणि आपण नुसतं बघत राहतो. म्हणून इथे तुम्ही म्हणायच्या वाक्यांइतकीच जागा समोरून येणाऱ्या वाक्यांना दिली आहे. शिवाय प्रश्न असे निवडले आहेत की उत्तर एका शब्दात, आकड्यात किंवा कागदावर लिहून मिळावं.

लातूर, नांदेड, संभाजीनगरहून शिकायला गेलेली मुलं महिन्याभरात सरावतात. खरी गरज असते ती त्यांच्याकडे जाणाऱ्या आईवडिलांना आणि पहिल्यांदाच एकट्याने फिरणाऱ्यांना. त्यांनी शंभर वाक्यांच्या मागे लागू नये. दहा-बारा वाक्यं, शंभरपर्यंतचे आकडे आणि वारांची नावं एवढं पक्कं केलं तर काम भागतं.

उच्चार

इथे मराठी माणसाला बरंच आयतं मिळतं. स्पॅनिशमधले त, द, प, क जवळजवळ आपलेच आहेत. इंग्रजीच्या सवयीने ट, ड आणू नका. तिकिटाला स्पेनमध्ये 'बियेते' म्हणतात, 'बियेटे' नव्हे. स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. र स्पष्ट म्हणायचा, आणि शब्दाच्या सुरुवातीला आला तर चांगला घोळवायचा.

खाली जिथे 'ख' लिहिला आहे तिथे आवाज घशात घासून काढायचा. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो 'ह'च्या जवळ जातो. रोमन एच हे अक्षर मूक असतं, व्हीचा उच्चार 'ब' होतो आणि जोडून आलेल्या दोन एलचा 'य'. म्हणूनच आपण ज्याला सेव्हिल म्हणतो ते शहर तिथे 'सेबिया' आहे. सी आणि झेडसाठी इथे 'स' वापरला आहे, आणि लॅटिन अमेरिकेत तसंच म्हणतात. स्पेनच्या बहुतेक भागात मात्र 'ए' आणि 'इ' यांच्या आधीचा सी आणि कुठलाही झेड जीभ दातांत धरून 'थ'सारखा येतो. तुम्ही 'सिंको' म्हटलं तरी चालेल, पण कानावर 'थिंको' आलं तर तोही पाचच, हे लक्षात ठेवा.

मराठी माणसाची हमखास होणारी चूक 'च'ची आहे. 'आठ' म्हणजे 'ओचो', आणि यातला च 'चिवडा'तला. 'चमचा'तला च वापरला तर 'ओत्सो' होतं आणि समोरच्याला आकडाच कळत नाही.

आधी नमस्कार, मग गावाचं नाव

आपल्याकडे बसस्थानकाच्या खिडकीत हात घालून 'परभणी दोन' म्हटलं की पुरतं. तिथे ते उद्धट वाटतं. आधी 'बुएनोस दिआस' म्हणा, आणि दुपारच्या जेवणानंतर 'बुएनास तार्देस'. मग मागणी:

उन बियेते पारा सेबिया, पोर फाबोर. (सेबियाचं एक तिकीट द्या.)

दोस बियेतेस पारा ग्रानादा, पारा मान्याना. (ग्रानादाची दोन तिकिटं, उद्याची.)

फक्त जायचं असेल तर 'सोलो इदा', जाऊन-येऊन हवं असेल तर 'इदा इ बुएल्ता'. हे मागणीतच सांगून टाका, म्हणजे पुढचा एक प्रश्न वाचतो. मोठ्यांबरोबर मूल असेल तर वयही सांगा: 'दोस आदुल्तोस इ उन निन्यो दे ओचो आन्योस', म्हणजे दोन मोठे आणि आठ वर्षांचं एक मूल. मुलाचं भाडं वयावर ठरतं. आईवडील साठीच्या पुढचे असतील तर पैसे देण्याआधी हे जरूर विचारा:

आय देस्कुएन्तो पारा मायोरेस दे सेसेन्ता? (साठीच्या वरच्यांना सवलत आहे का?)

स्पेनच्या सरकारी रेल्वेचं, म्हणजे रेन्फेचं, ज्येष्ठांसाठी 'तार्खेता दोरादा' नावाचं सवलतीचं कार्ड आहे. ते खिडकीवरच मिळतं. लांबचे दोन-तीन प्रवास असतील तर त्याची चौकशी करावीच.

आता समोरून येणारे प्रश्न. क्रम थोडा बदलेल, पण प्रश्न हेच.

'पारा कुआन्दो?' किंवा 'पारा के दिआ?' म्हणजे कधीचं. उत्तर 'ओय' (आज), 'मान्याना' (उद्या), 'पासादो मान्याना' (येणारी परवा) किंवा तारीख. 'मान्याना' उद्यालाही म्हणतात आणि सकाळलाही. उद्या सकाळची गाडी हवी असेल तर पूर्ण म्हणा: 'मान्याना पोर ला मान्याना'. नुसतं एकदा म्हणून थांबलात तर संध्याकाळच्या गाडीचं तिकीटही हातात पडू शकतं.

'आ के ओरा?' म्हणजे किती वाजताची. 'बेन्तानिया ओ पासीयो?' म्हणजे खिडकीजवळची जागा की मधल्या वाटेजवळची. 'मे देखा एल पासापोर्ते?' म्हणजे पासपोर्ट द्या. 'एन एफेक्तिबो ओ कोन तार्खेता?' म्हणजे रोख की कार्ड.

नकाराचे शब्दही ओळखू आले पाहिजेत. 'एस्ता कोम्प्लेतो' म्हणजे गाडी भरली. 'नो केदान प्लासास' म्हणजे जागा शिल्लक नाहीत. आपल्यासारखी प्रतीक्षायादी निघेल या आशेवर खिडकीशी थांबून राहू नका. लगेच विचारा: 'आय ओत्रो मास तार्दे?' (नंतरची दुसरी आहे का?) किंवा 'आय आल्गो मास बारातो?' (याहून स्वस्त काही?)

समजलं नाही तर 'मास देस्पासिओ, पोर फाबोर' (जरा सावकाश) हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून कामाचं वाक्य हे:

मे लो पुएदे एस्क्रिबिर? (मला ते लिहून देता का?)

वेळ, भाडं, फलाट, बदलायचं स्थानक, सगळं कागदावर येतं आणि चूक होत नाही. वही-पेन आपणच पुढे करावं. आणखी चांगलं म्हणजे रांगेत उभं राहण्याआधी गावाचं नाव, तारीख, किती जण आणि 'इदा' की 'इदा इ बुएल्ता' हे रोमन लिपीत चिठ्ठीवर लिहून ठेवावं. तारखेचा क्रम आपल्यासारखाच दिवस, महिना, वर्ष असतो. जून आणि जुलै मात्र तोंडी सांगू नका. 'खुनिओ' आणि 'खुलिओ' काचेपलीकडून सारखेच ऐकू येतात.

नाव आणि पासपोर्ट क्रमांक

लांब पल्ल्याच्या गाडीचं तिकीट नावावर निघतं, आणि इथे मराठी नाव गोंधळ घालतं. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. म्हणून अर्जात 'प्रिमेर आपेयीदो' आणि 'सेगुन्दो आपेयीदो' असे दोन रकाने दिसतात. दुसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव लिहू नका. पासपोर्टवर जे आडनाव आहे ते पहिल्यात, आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा पतीचं नाव पासपोर्टवर जसं एकत्र छापलं आहे तसं 'नोम्ब्रे'च्या रकान्यात. दुसरा रकाना परदेशी माणसाने रिकामा सोडायचा.

'कोमो से एस्क्रिबे?' असं विचारलं तर अक्षरं सांगायची असतात, आणि ती इंग्रजी पद्धतीने सांगितली तर घात होतो. इंग्रजीतला 'ए' त्यांना त्यांचा ई (आपल्या एसारखा) ऐकू येतो, आणि इंग्रजीतला 'ई' त्यांना आय वाटतो. त्यांची अक्षरं अशी: आ, बे, से, दे, ए, एफे, खे (जी), आचे (एच), इ (आय), खोता (जे), का, एले, एमे, एने, ओ, पे, कू, एर्रे, एसे, ते, उ, उबे (व्ही), उबे दोब्ले (डब्ल्यू), एकिस (एक्स), इ ग्रिएगा (वाय), सेता (झेड). देशमुख हे नाव तिथे 'दे, ए, एसे, आचे, एमे, उ, का, आचे' असं सांगायचं. जाधव असाल तर 'खोता, आ, दे, आचे, आ, उबे'. आणि जाधवांना 'खादाब' अशी हाक आली तर ती आपल्यालाच आहे हे ओळखा, कारण सुरुवातीचा जे त्यांच्या तोंडी 'ख' होतो आणि मधला एच गळतो.

भारतीय पासपोर्टचा क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात आकडे. तो एकेक आकडा सांगत म्हणा, जोड्या करू नका.

आकडे आणि घड्याळ

उनो, दोस, त्रेस, कुआत्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस. पुढे दहाचे टप्पे: बेइन्ते, त्रेइन्ता, कुआरेन्ता, सिंकुएन्ता, सेसेन्ता, सेतेन्ता, ओचेन्ता, नोबेन्ता, आणि शंभर 'सिएन'. घोटाळा ठरलेला आहे साठ आणि सत्तरमध्ये. सेसेन्ता साठ, सेतेन्ता सत्तर. भाडं विचारायचं 'कुआन्तो एस?' आणि उत्तर आलं 'सेसेन्ता इ दोस कोन सिंकुएन्ता' तर ६२ युरो ५० सेंट. छापील तिकिटावर दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, तो हजाराचा समजू नका.

घड्याळ मात्र मराठी माणसाला अगदी सोपं जातं. 'सिएते इ कुआर्तो' म्हणजे सव्वासात, 'सिएते इ मेदिआ' म्हणजे साडेसात, 'सिएते मेनोस कुआर्तो' म्हणजे पावणेसात. सवय पावण्याची आहेच, फक्त तिथे 'पावणे' नंतर येतं. 'नुएबे' ऐकून मोकळे झालात आणि मागचं 'मेनोस कुआर्तो' सुटलं तर पंधरा मिनिटांनी गाडी चुकते. मेक्सिकोत आणि इतरही काही देशांत पावणेसातला 'कुआर्तो पारा लास सिएते' म्हणतात. फलकावर आणि तिकिटावर चोवीस तासांचं घड्याळ असतं. रात्री साडेबाराच्या गाडीवर पुढची तारीख पडते, आपल्या रेल्वेसारखीच.

विचारायची वाक्यं दोन: 'आ के ओरा साले?' (किती वाजता सुटते?) आणि 'आ के ओरा येगा?' (किती वाजता पोचते?). जोडीला 'एस दिरेक्तो?' म्हणजे थेट आहे का. उत्तरात 'त्रान्सबोर्दो' आलं तर गाडी बदलायची आहे, लगेच 'दोन्दे?' (कुठे?) विचारून लिहून घ्या.

वारांची नावं: लुनेस, मार्तेस, मिएर्कोलेस, खुएबेस, बिएर्नेस, साबादो, दोमिंगो. स्पेनमधल्या बसच्या वेळापत्रकात वार एका अक्षराने दाखवतात आणि बुधवारसाठी चक्क एक्स लिहितात, कारण मंगळवार आणि बुधवार दोन्हींची सुरुवात एमने होते. तो एक्स पाहून 'बस रद्द' असं समजू नका. 'लाबोराब्लेस' म्हणजे कामाचे दिवस, 'फेस्तिबोस' म्हणजे सुट्टीचे, 'दिआरिओ' म्हणजे रोज. लहान गावांत सुट्टीच्या दिवशी बस एकदम कमी होतात.

स्पेनची रेल्वे: कुठे चुकतं

अतिवेगवान गाड्यांना 'आबे' म्हणतात. पहिली १९९२ साली माद्रिद ते सेबिया धावली. आता त्याच रुळांवर रेन्फेबरोबर ऊइगो आणि इर्यो या दुसऱ्या कंपन्याही गाड्या चालवतात. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, आणि रेन्फेच्या खिडकीवर बाकीच्यांची तिकिटं मिळत नाहीत.

माद्रिदला दोन मोठी स्थानकं आहेत, आतोचा आणि चामार्तिन. आतोचाचं पूर्ण नाव पुएर्ता दे आतोचा–आल्मुदेना ग्रांदेस आणि चामार्तिनचं चामार्तिन–क्लारा काम्पोआमोर असं छापलेलं असतं. तिकीट हातात येताच कुठल्या स्थानकातून आहे ते बघा: 'दे के एस्तासिओन साले?'

खिडक्यांच्या दालनाला 'ताकिया' किंवा 'बेन्ता दे बियेतेस' म्हणतात. मोठ्या स्थानकात यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागते, ती न घेता रांगेत कितीही उभं राहिलं तरी पाळी येत नाही. 'बेन्ता आन्तिसिपादा' ही पुढच्या तारखांची खिडकी. तासाभरात सुटणाऱ्या गाडीसाठी तिथे थांबू नका.

अतिवेगवान गाडीआधी सामान तपासणी असते आणि रेन्फे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद करते. धावत जाऊन डबा पकडायची आपली सवय तिथे उपयोगाची नाही. अर्धा तास आधी पोचा. फलाट विचारायचा तो 'दे के बिआ साले?' असा. बसच्या बाबतीत फलाटाला 'अन्देन' किंवा 'दार्सेना' म्हणतात.

सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या अटी सगळ्यात कडक असतात. पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारून ठेवा: 'से पुएदे काम्बिआर?' (बदलता येतं का?) आणि 'से पुएदे देबोल्बेर?' (परत करता येतं का?). गाडी चुकलीच तर 'ए पेर्दिदो एल त्रेन. के पुएदो आसेर?' म्हणजे माझी गाडी चुकली, आता काय करता येईल. गाडी उशिरा असेल तर फलकावर 'रेत्रासो' दिसतं, आणि 'कुआन्तो रेत्रासो येबा?' विचारलं की मिनिटांत उत्तर मिळतं.

मेट्रो आणि लोकलला खिडकीपेक्षा यंत्रच जास्त. पडद्यावर 'इदिओमा' दाबलं की इंग्रजी मिळतं. न मिळाल्यास 'आसेप्तार' म्हणजे मान्य, 'आनुलार' म्हणजे रद्द, 'रेकार्गार' म्हणजे कार्डात पैसे भरा, 'इम्पोर्ते' म्हणजे रक्कम. 'नो दा काम्बिओ' लिहिलं असेल तर यंत्र सुटे देत नाही. माद्रिदच्या मेट्रोत कागदी तिकीट नाही, 'मुल्ती' नावाचं कार्ड घेऊन त्यात फेऱ्या भरतात. दहा फेऱ्या भरल्या तर एकाच कार्डावर घरचे सगळे जाऊ शकतात, दर माणशी एकदा कार्ड लावायचं. विमानतळाच्या स्थानकासाठी वेगळे पैसे लागतात, त्याला 'सुप्लेमेन्तो' म्हणतात. बार्सेलोनाचं दहा फेऱ्यांचं 'ते-कासुआल' मात्र एकाच माणसाचं. तिथे दोघांत एक कार्ड वापरलं तर दंड होतो, आणि मेट्रोने विमानतळाला जायला ते चालतही नाही. लोकलचं तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा, दारं उघडायला तेच लागतं.

लॅटिन अमेरिकेत शब्द बदलतात

'बियेते' हा स्पेनचा शब्द. मेक्सिकोत 'बोलेतो', अर्जेंटिना, चिली, पेरूमध्ये 'पासाखे', कोलंबियात 'तिकेते'. बसला मेक्सिकोत 'कामिओन', अर्जेंटिनात शहरी बसला 'कोलेक्तिबो' आणि लांबच्या बसला 'मिक्रो', तर क्युबात आणि स्पेनच्या कॅनरी बेटांवर 'ग्वाग्वा'. जाऊन-येऊनला मेक्सिकोत 'रेदोन्दो' म्हणतात आणि फक्त जाण्याला 'सेन्सियो'. पेरू-चिलीत हाच 'सेन्सियो' सुट्या पैशांसाठी वापरतात. खिडकीवर 'तिएने सेन्सियो?' विचारलं तर तो सुटे मागतो आहे.

एक शब्द कटाक्षाने टाळा. स्पेनमध्ये बस पकडण्याला 'कोखेर' म्हणतात, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात ती शिवी आहे. 'तोमार' सगळीकडे चालतं, तेच लावून घ्या.

लांबचा प्रवास इकडे मुख्यतः बसचा, आणि भाडं आसनावर ठरतं. 'सेमिकामा' थोडं मागे झुकतं, 'कामा' बरंच आडवं होतं. रात्रभराचा प्रवास आणि गुडघेदुखी असेल तर 'कामा'चे जास्तीचे पैसे द्यावेत, हे आमचं स्पष्ट मत. मेक्सिको सिटीत चार दिशांना चार मोठी बसस्थानकं आहेत, म्हणून 'दे के तेर्मिनाल साले?' विचारल्याशिवाय निघू नका. पेरू आणि बोलिव्हियात काही स्थानकांवर भाड्याशिवाय स्थानक वापरण्याचं छोटं शुल्क वेगळं भरावं लागतं: 'आय के पागार तासा?' सामान बसच्या पोटात टाकताना मिळणारी चिठ्ठी सांभाळा, उतरताना तिच्यावरच बॅग मिळते.

आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी

वेरूळ-अजिंठ्याला स्पॅनिश बोलणारे पर्यटक येतात. रिक्षावाले, हॉटेलातली पोरं, बसस्थानकावरचे लोक यांना हीच वाक्यं उलट्या बाजूने लागतात. पर्यटक पाटीवरचं रोमन वाचून 'आखान्ता' म्हणाला तर त्याला अजिंठा हवा आहे, आणि 'एयोरा' म्हणाला तर वेरूळ. सुट्टीचा दिवस आधी सांगा, नाहीतर त्याची फेरी फुकट जाते:

लास कुएबास दे आखान्ता सिएर्रान लोस लुनेस. (अजिंठा लेणी सोमवारी बंद.)

लास दे एयोरा, लोस मार्तेस. (वेरूळची मंगळवारी.)

एसटीत तिकीट वाहक देतो हे त्यांना माहीत नसतं, आणि ते खिडकी शोधत बस सोडून देतात: 'एल बियेते से कोम्प्रा एन एल आउतोबुस', तिकीट बसमध्येच मिळतं. अजिंठ्याला जळगावच्या गाडीने जाणाऱ्याला पुढचं वाक्य सांगायलाच हवं, कारण एसटी लेण्यांच्या दारात जात नाही: 'आय के बाखार एन एल क्रुसे इ तोमार ओत्रो आउतोबुस', फाट्यावर उतरून दुसरी बस घ्यायची. आणि परतीसाठी 'एल उल्तिमो आउतोबुस साले आ लास...' एवढं म्हणून शेवटच्या गाडीची वेळ त्याच्या वहीत लिहून द्या.